चमच्याएवढा

नोव्हेंबर संपता संपता सूर्य ट्रॉमसो सोडतो,
येतो तो थेट जानेवारीत.
माझ्या कामाला ते बरंच आहे.
हे आम्ल पिवळं, उजेडाला भिणारं.
कुपी चंदेरी कागदात गुंडाळलेली;
दिवा मालवायचा,
मगच झाकण उघडायचं.

बारा तासांची अंडी. झेब्रामाशाची.
मोहरीएवढी, आरपार दिसणारी.
डोळे अजून नाहीत,
डोळ्यांचा नुसता बेत आहे:
मेंदूच्या दोन्ही कडांना
आलेला जरासा फुगवटा.
मी थेंब मोजून घालते.
दोन तास ठेवते, मग धुऊन टाकते.
त्यांना तेवढं पुरतं.

तिसऱ्या दिवशी भिंगाखाली
डोळ्याची वाटी खालून उघडीच;
शिवण घालायची राहून गेलीय.
एकाच्या एकाच डोळ्यात दोन पडदे,
जणू निरोप एकच होता
पण इतक्या मोठ्याने सांगितलेला
की ऐकणाऱ्याने तो दोनदा पाळला.
आणि गंमत अशी, की हेच द्रव्य कमी पडलं
तरी शिवण उसवलेलीच राहते.
मी वहीत तारीख लिहिते, आकडे लिहिते.
गंमत हा शब्द लिहीत नाही.

माझा भाऊ सिव्हर्ट. लोफोटेनला बोट चालवतो.
त्याची डावी बाहुली गोल नाही,
कुलपाच्या भोकासारखी खाली ओघळलेली.
शाळेत पोरं म्हणायची, किल्ली आण.
तो पोटात होता तेव्हा आई, एल्ड्ब्यॉर्ग,
रोज रात्री कॉडच्या यकृताचं तेल घ्यायची.
घरीच कढवलेलं, बरणीतलं.
अंधाराचे महिने, बाळाची हाडं, बाळाची नजर.
नऊ महिने डोळ्यांत तेल घालून जपलं तिनं त्याला.

माझं काम तिला कुणी सांगितलं, ठाऊक नाही.
मी तर सांगितलं नव्हतं.
फोनवर आधी हवा, मग मांडवावर वाळणारी मासळी,
मग म्हणाली, तुझ्या माशांना विचार ना,
तो माझा चमचा होता का?

मासे फक्त माशांपुरतं बोलतात, आई.
बरं. पण तू तर बोलशील?
किती घ्यायचीस?
चमचाभर.
केवढा चमचा?
चमच्याएवढा, आणखी केवढा!

आठवड्याने पार्सल आलं.
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला
कथलाचा चमचा,
दांड्याला दातांच्या खुणा. आमच्याच असणार.
सगळे गेल्यावर मी त्यात पाणी भरलं,
मोजपात्रात ओतलं. तीनदा.
चौदा मिलिलिटर.
आकडा मिळाला.
पण त्या वर्षीचा कॉड काय खाऊन पोसला होता,
बरणीत वर तरंगलं ते आईनं घेतलं
की ढवळून घेतलं,
आणि ती शिवण कुठल्या मंगळवारी
कशाची वाट बघत थांबली, की थांबलीच नाही,
आधीपासूनच तिचा मिटायचा विचार नव्हता,
हे कुठल्या पात्रात ओतायचं?
अशी बाहुली तर
तेलाचा वासही न घेतलेल्या घरांत जन्मते.

आईला कळवलं, चमचा तसा लहानच आहे.
खोटं नाही. माझ्या हातात लहानच दिसतो.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, परत पाठव,
लापशी ढवळायला लागतो मला तो.

अजून पाठवलेला नाही.
उबदार कपाटात आज नवी अंडी आहेत,
त्यातली एक बशी नुसत्या पाण्याची, तुलनेसाठी.
तिच्यातल्या वाट्या रोज जराशा मिटतात,
कुणी न सांगता, कुणी न बघता.
खरं तर मी बघतेच,
बघायचा पगार मिळत नसला तरी.

काल डोंगरामागून सूर्याची कड आली,
सगळं गाव रस्त्यावर, हातात गोड पाव.
सिव्हर्टचा फोन. तिकडे तो आधीच आलाय.
काळा चष्मा काढलायस का, मी विचारलं.
छे, म्हणाला, माझी खिडकी लागत नाही ना,
तुम्हाला मिळतो त्याहून
मला जरा जास्तच मिळतो.
मागे इंजिन धडधडत होतं.
कॉड चांगला लागलाय म्हणे यंदा.
यकृतं मोठी आहेत.